पातेल्यातले पाय

मागच्या अंकात उष्णकटिबंधातल्या डोंगरांवरच्या धुक्याच्या जंगलांबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं: आफ्रिकेतला एक तितर शास्त्रज्ञांना पहिल्यांदा भेटला तो जेवणाच्या पातेल्यात. लेख खरा धुक्याचा होता. धुक्याबद्दल एकही पत्र आलं नाही, आली ती सगळी तितराची. म्हणून या वेळचं सदर त्याच्या नावे.

आधीच सांगते, मी पक्ष्यांचे आवाज टिपणारी बाई. गळ्यात दुर्बीण असते, पण रानात माझा जास्त वेळ कानावर हेडफोन चढवून आणि डोळे मिटून जातो. त्यामुळे पिसांच्या रंगछटांबद्दल फार खोलात विचारलंत तर माझी पंचाईत होईल.

प्रश्न : पातेल्यातल्या तितराची गोष्ट खरी आहे की तुम्ही रंगवून सांगितलीत?

खरी आहे. १९९१ साली टांझानियातल्या उड्झुंग्वा पर्वतात डॅनिश पक्षी-अभ्यासकांची एक तुकडी तळ ठोकून होती. तळावर शिजलेल्या रश्श्यात त्यांना पक्ष्याच्या पायांची एक जोडी दिसली. ते पाय कोंबडीचे वाटेनात आणि ओळखीच्या दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचेही वाटेनात. मग शोध सुरू झाला, जिवंत पक्षी सापडला आणि १९९४ साली त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध झालं. नुसती नवी जात नव्हे, तिच्यासाठी अख्खी नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडावी लागली. तिचं नाव ठेवलं झेनोपर्डिक्स, म्हणजे परका तितर.

परका, कारण त्याचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेत नाहीतच. ते आहेत आशियात: हिमालयापासून जावापर्यंतच्या डोंगरी जंगलांत राहणारे पहाडी तितर. मधे हजारो किलोमीटर वाळवंट, माळ आणि समुद्र. याचा उलगडा असा करतात, की लक्षावधी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि आशिया यांच्यामध्ये अरबस्तानातून जंगलाचा पट्टा होता. हवामान कोरडं होत गेलं तसा तो मधूनच तुटला आणि हे पक्षी टांझानियाच्या ओलसर डोंगरांवर अडकून पडले. भोवतालचा मुलूख सुकला, डोंगरमाथ्यांना मात्र समुद्रावरून येणारी वाफ मिळत राहिली. तेवढ्या ओलीवर ते टिकले.

पायांवरून ओळख पटली यात मला नवल वाटत नाही. पहाडी तितराचा पाय हातात घेऊन बघायची संधी मला एकदाच मिळाली, तीही मेलेल्या पक्ष्याची. कुठल्याशा शिकारी जनावराने अर्धवट खाऊन पायवाटेच्या कडेला टाकलेला होता. कोंबड्याच्या पायाला मागे असतो तसा काटा नव्हता. बोटं लांब, आणि नखं त्याहून नजरेत भरणारी: लांब, जवळजवळ सरळ, खराट्याच्या काड्या आखूड तोडून लावाव्यात तशी. नखांखाली काळी माती घट्ट बसलेली, आणि एका नखाला पानाच्या शिरेची जाळी अडकलेली. हा पक्षी दिवसभर काय करत असेल हे सांगायला तेवढं पुरे होतं.

प्रश्न : आम्हाला माहीत असलेला तितर उघड्या माळावर, काटेरी झुडपांच्या आडोशाने पळणारा. जंगलातला म्हणता तो त्याचाच भाऊबंद ना?

नाव एक, घराणं वेगळं. आणि ही नुसती म्हणायची गोष्ट नाही.

‘तितर’ हे नाव संस्कृतातल्या तित्तिरावरून आलं आणि ते पक्ष्याच्या आवाजाचंच आहे. याज्ञवल्क्यांनी ओकून टाकलेली विद्या बाकीच्या शिष्यांनी तित्तिर होऊन टिपून घेतली आणि म्हणून ती शाखा तैत्तिरीय, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. कथा सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माळावरचा तितरच असणार असं मला वाटतं. उघड्यावर घाईघाईने दाणे टिपणारा तो.

पुढे गुबगुबीत अंगाचा, आखूड शेपटीचा, जमिनीवर पळणारा जो जो पक्षी दिसला त्याला लोक तितर म्हणत गेले. इंग्रजांनीही तेच केलं. डीएनए तपासायला लागल्यावर या एका नावाच्या चिंध्या झाल्या. आपला माळावरचा राखी तितर निघाला रानकोंबड्यांच्या जवळचा. युरोपातल्या शेतांमधला करडा तितर फेझंट आणि टर्की यांच्या बाजूला गेला. आणि पहाडी तितर, तो टांझानियाचा परका तितर आणि मलायातला तुरेवाला रूलरूल हे सगळे मिळून एक वेगळीच फांदी. ही फांदी कोंबडीच्या कुळाच्या बुंध्याजवळच फुटलेली आहे. त्याचा अर्थ असा, की राखी तितराला मोर जितका जवळचा, तितका पहाडी तितर नाही.

याहून गमतीचा एक पक्षी आग्नेय आशियात आहे, ट्रोपिकोपर्डिक्स. दिसायला हुबेहूब पहाडी तितर, त्यामुळे बरीच वर्षं त्याला त्याच प्रजातीत बसवलं होतं. पण पहाडी तितरांच्या डोळ्याच्या वर, भुवईच्या जागी, बारीक हाडांची एक रांग असते. ती याला नाही. डीएनएनेही शेवटी हाडांच्याच बाजूने कौल दिला आणि हे ध्यान मोराच्या गोतावळ्यात जाऊन बसलं.

पहाडी तितरांच्या जाती साधारण वीस. त्यातल्या चार भारतात आढळतात, सगळ्या हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. काटेकोर भूगोल लावायचा तर हिमालय उष्णकटिबंधाच्या बाहेर पडतो, हे मला ठाऊक आहे. कुणी पत्र पाठवू नये. पक्ष्याला नकाशावरची रेघ दिसत नाही. त्याला लागतो तो पालापाचोळा, ओल आणि डोक्यावर दाट छत.

प्रश्न : पहाडी तितर बघायला म्हणून तीन दिवस डोंगरात चालले. आवाज रोज आला, पक्षी एकदाही दिसला नाही. माझं काय चुकलं?

चाललात हेच चुकलं. पण थांबा, आधी माझी फजिती सांगते.

ती शीळ मी पहिल्यांदा ऐकली पूर्व हिमालयात, दोन हजार मीटरच्या आसपास, फटफटायच्या आधी. एकच लांबट, उदास सूर. दोन-तीन सेकंद शांतता. परत तोच सूर. कुणी अंधारात बसून रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालतंय असं वाटावं. मी वहीत ‘लहान घुबड?’ असं लिहिलं आणि पुढची तीन पहाटं झाडांच्या शेंड्यांवर मायक्रोफोन रोखून बसले. चौथ्या दिवशी सोबतच्या वाटाड्याला राहवलं नाही. तो म्हणाला, “दीदी, खाली बघा. तितर आहे तो.” तीन दिवस त्याने हे का सांगितलं नाही असं विचारल्यावर म्हणाला, “तुम्ही इतक्या मन लावून वर बघत होता!”

आवाज ऐकू येतो आणि पक्षी सापडत नाही याला कारण आहे. दाट जंगलात उंच पट्टीचे आवाज पानांवर आणि खोडांवर आपटून विखुरतात, खालच्या पट्टीचा साधा, सरळ सूर लांबवर जातो. या तितराची शीळ नेमकी तशी. संगणकावर तिचा आलेख काढला की जवळजवळ आडवी रेघ उमटते, एकीशेजारी एक, शिवणीच्या टाक्यांसारखी. पण अशा सुराला धारदार सुरुवातही नसते आणि शेवटही नसतो. आवाज कुठून आला हे कान ठरवतात ते अशा धारांवरून. त्या नसल्या की दिशाच कळत नाही. शीळ चारी बाजूंनी येते आहे असं वाटतं, तुम्ही डावीकडे वळता, आणि तो उजवीकडे पंधरा पावलांवर पाठ फिरवून निघून जातो.

नर बराच वेळ एकटा शीळ घालत राहतो. मग मधेच मादी तिच्या भरभर, टोचऱ्या आवाजात सूर मिळवते आणि दोघांचं चढत्या लयीत द्वंद्वगीत होतं. ते संपलं की इतकी शांतता होते की आपण स्वप्नात होतो की काय असं वाटावं. शेजारच्या उतारावरून दुसरी जोडी उत्तर देते. हद्दी अशा आवाजाने आखल्या जातात. धुक्यात दहा मीटरवरचं दिसत नाही, तिथे पिसारा फुलवून दाखवायचा कुणाला?

तर करायचं काय? बसायचं. जिथे उतार जरा सपाट होतो, पानांचा थर जाड असतो आणि खाली झुडपं फार नसतात, अशा जागी झाडाला पाठ टेकून पहाटेपासून बसा. फोन बंद. पाऊण तास तरी हलू नका. शिळेच्या मागे लागू नका, पाचोळ्याकडे कान द्या. कस्तूर पक्षी चोचीने एकेक पान उडवतो, तो आवाज सुटा-सुटा येतो. खार धावते, थांबते, धावते. तितर उकरतो त्याला ठेका असतो: खर्र, खर्र, आणि मग गप्प. उजवा पाय, डावा पाय, अर्धं पाऊल मागे, मान तिरकी करून उकरलेल्या जागेकडे एक डोळा. काही हाती लागलं तर टिपलं, नाहीतर एक पाऊल पुढे आणि परत खर्र, खर्र. गळून पडलेली फळं, बिया, किडे, अळ्या, छोट्या गोगलगाई, सगळं त्याला चालतं.

माझ्यापुढे जी पहिली जोडी आली ती अशीच उकरत उकरत आली. नराचा माथा तांबूस, विटेच्या रंगाचा, डोळ्याभोवती लालसर कातडी. एवढं पाहिलं आणि मला शिंक आली. दोघं उडाले नाहीत. फक्त मान खाली घालून चालायला लागले, आणि बघता बघता नुसता पाचोळाच उरला.

एक विनंती. मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला समोर आणू नका. येतो तो, नक्की येतो, कारण त्याला वाटतं की हद्दीत कुणी घुसलं. ज्या ठिकाणी दर आठवड्याला नवा गट येऊन हेच करतो तिथला नर दिवसभर न आलेल्या शत्रूला शोधत फिरतो. मी हे आधी केलेलं आहे, म्हणून सांगते.

प्रश्न : पहाडी तितराच्या शास्त्रीय नावाचा, आर्बोरोफिलाचा, अर्थ ‘झाडांवर प्रेम करणारा’ असा आहे. पण तो तर जमिनीवर राहतो! नाव चुकलं आहे का? (इयत्ता आठवीतली एक वाचक)

नाव बरोबर आहे, फक्त वेळ रात्रीची घ्यायची. ब्रायन हॉजसन नावाचा इंग्रज अधिकारी नेपाळमध्ये अनेक वर्षं राहिला, त्याने १८३७ साली ही प्रजाती मांडली. त्याला नाव कशावरून सुचलं हे तोच जाणे, पण रात्री जंगलात बॅटरी घेऊन फिरलीस तर तुला ते पटेल.

दिवस मावळला की तितरांचं कुटुंब उकरणं थांबवतं आणि एकेक जण फडफडत खालच्या फांद्यांवर चढतो. त्यांचा रातथारा फार उंच नसतो. मी पाहिला तो माझ्या डोक्याच्या जरा वर होता. आडव्या फांदीवर चार गोळे, एकमेकांना इतके चिकटलेले की आधी मला ते फांदीवरचं शेवाळंच वाटलं. एका गोळ्यातून चोच निघाली तेव्हा कळलं. टोकाचा पक्षी मधेच उठला, बाकीच्यांच्या पाठीवरून चालत गेला आणि मधे घुसला. आता टोकाला दुसरा आला. थोड्या वेळाने त्यानेही तेच केलं. थंडीच्या रात्री एका पांघरुणात झोपलेली भावंडं आठवली मला.

डोंगरात हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, त्यात अंग सतत ओलसर. एकत्र बसणं ही ऊब धरायची सोय. आणि जमीन सोडण्याचं कारण तर उघडच आहे: रात्री पाचोळ्यातून रानमांजर फिरतं, उदमांजर फिरतं, साप फिरतात. टांझानियातला तो परका तितरही असाच फांदीवर झोपतो.

प्रश्न : घरटं, अंडी, पिल्लं यांबद्दल सांगा. कोंबडीसारखंच सगळं असतं का?

बरंचसं. घरटं जमिनीवर, झाडाच्या मुळांच्या बेचक्यात किंवा उताराच्या खाचेत. पण कोंबडी उघड्या खळग्यात बसते, यांच्या अनेक जाती वर पानांचं आणि गवताचं छप्पर घालतात आणि बाजूने आत शिरायला भोक ठेवतात. वरून बघणाऱ्याला पाचोळ्याचा उंचवटा दिसतो. अंडी पांढरी, डाग नसलेली. हिमालयातल्या जातीत तीन ते पाच. युरोपातल्या शेतात राहणारी तितरी एका वेळी पंधराच्या आसपास अंडी घालते, हे ऐकल्यावर डोंगरातल्या मादीचा संसार किती आटोपशीर ते कळतं. आटोपशीर म्हणजेच नाजूकही: वर्षाला एक घरटं लुटलं गेलं तर नुकसान मोठं.

कोंबडीपासून खरी फारकत होते ती उबवण्यात. खुडूक बसलेली कोंबडी जरा उठली की आपल्याला धाकधूक, अंडी गार पडतील म्हणून. चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरात राहणाऱ्या पहाडी तितरावर अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की तिथली मादी दिवसातून एकदा घरटं सोडते ती कित्येक तास परतत नाही. उबवणारी ती एकटीच, आणि थंड रानात पोट भरायला वेळ लागतो. तोवर अंडी चांगलीच गार होतात. कोंबडीच्या अंड्यांचं अशाने वाटोळं झालं असतं. यांच्या अंड्यांतला गर्भ ती थंडी सोसतो आणि आई परत आली की पुन्हा वाढीला लागतो.

पिल्लं अंगावर लव घेऊनच बाहेर पडतात आणि लगेच चालायला लागतात. बहुतेक कोंबडीवर्गीय पक्ष्यांत आई चोचीने दाणा दाखवते, खाली टाकते, पिल्लू स्वतः टिपतं. मघाशी ज्याचं नाव घेतलं तो रूलरूल याला अपवाद. तो आपल्या पिल्लांना चोचीत चोच घालून भरवतो. रूलरूल तसा पायथ्याच्या जंगलातला, फार उंच जात नाही, पण आला आहे विषय तर सांगते. नराच्या डोक्यावर लाल ताठ तुरा असतो, केस विंचरायच्या ब्रशसारखा. मादीला तुरा नाही, पण ती हिरवीगार आहे. पक्ष्यांच्या पिसांतला हिरवा बहुधा पिवळं रंगद्रव्य आणि निळ्याचा आभास मिळून तयार होतो. या मादीच्या पिसांत खरंखुरं हिरवं रंगद्रव्य आहे, आणि ते फार थोड्या पक्ष्यांत सापडतं. रूलरूल रानडुकरांच्या मागे मागे फिरतो आणि डुकरांनी सांडलेली फळं खातो. सांडणाऱ्याच्या मागे राहावं, हे त्याला बरोबर कळलेलं आहे.

प्रश्न : पहाडी तितर पाळता येतो का?

नाही. भारतात रानातला तितर धरणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. शिवाय त्याला चाळीस सेंटिमीटर पाचोळा आणि रोजचं धुकं कुठून आणणार?

प्रश्न : पुस्तकात बघितलं तर सुमात्राचा वेगळा, बोर्निओचा वेगळा, तैवानचा वेगळा. एवढ्या जाती कशाला झाल्या?

बेटं समुद्रातच असतात असं आपण धरून चालतो. पहाडी तितराच्या लेखी प्रत्येक डोंगर हे बेटच, आणि मधली गरम, कोरडी, उघडी दरी म्हणजे समुद्र.

कोंबडीच्या कुळातले पक्षी उडतात ते स्फोटासारखे. छातीचे स्नायू एकदम जोर लावतात, पक्षी धाडकन उठतो, शे-दीडशे पावलांवर जाऊन उतरतो आणि दमतो. संकटातून सुटायला हे उत्तम, दरी ओलांडायला निरुपयोगी. पाय मात्र दिवसभर चालतात. असा पक्षी पोचतो तेवढ्याच ठिकाणी जिथे जंगलाची जमीन सलग असते. हवामान थंड होतं तेव्हा डोंगरी रान खाली पसरत दोन डोंगर जोडतं, तितर चालत पलीकडे जातात. पुन्हा ऊन वाढतं, रान वर सरकतं, वाट बंद होते. दोन्हीकडचे तितर आपापल्या वाटेने बदलत राहतात.

तैवानचा तितर तैवानातच, हैनानचा हैनान बेटातच. मलाय द्वीपकल्पाच्या डोंगरात एक, बोर्निओच्या डोंगरात दुसरा. सगळ्यात बोलका दाखला जावाचा: बेट एक, पण पश्चिमेकडच्या आणि मधल्या ज्वालामुखींवर एक जात, तर पूर्व टोकाच्या डोंगरांवर दुसरी. मधे समुद्र नाही, तरी नाहीच. टांझानियातही तेच घडलं. उड्झुंग्वाच्या उत्तरेला रुबेहो पर्वतात त्या परक्या तितराचा आणखी एक प्रकार सापडला, २००३ साली त्याचं उपजात म्हणून वर्णन झालं आणि २००५ साली त्याला स्वतंत्र जात म्हणावं असं सुचवण्यात आलं. सगळ्यांना ते मान्य नाही. माझं मत विचाराल तर मी आधी दोघांचे आवाज ऐकेन.

याची दुसरी बाजू वाईट आहे. हवा तापते तसे डोंगरातले पक्षी वर सरकतात हे अनेक ठिकाणी दिसून आलं आहे. चालणाऱ्या पक्ष्याला वर जाता येतं, पण डोंगर कुठेतरी संपतो, आणि शेजारच्या उंच डोंगरावर उडून जायची सोय त्याला नाही.

प्रश्न : एका माहितीपटात पाहिलं, की शिकारी गुडघाभर उंचीचं काटक्यांचं कुंपण घालतात आणि त्यात तितर-कोंबडे सापडतात. पंख असताना एवढंसं कुंपण ओलांडता येत नाही का?

येतं. ते ओलांडत नाहीत.

लाओस आणि व्हिएतनामच्या सीमेवरच्या अन्नामाइट डोंगरांत मी अशी वई पाहिली आहे. तोडलेल्या फांद्या आणि काटक्या एकीत एक गुंतवून घातलेली, माझ्या गुडघ्यालाही न लागणारी. पण लांबी बघून पोटात गोळा आला. धारेवरून सुरू झालेली ती वई ओढ्यापर्यंत उतरत गेली होती, आणि दर काही पावलांवर तिच्यात एक फट. प्रत्येक फटीत वाकवलेलं रोपटं आणि त्याला तारेचा फासा. त्या भागात फाशांसाठी सायकल-मोटरसायकलच्या ब्रेकची तार सर्रास वापरतात. स्वस्त असते, गंजत नाही, तुटत नाही. फासा कुणाचा पाय आहे ते बघत नाही. तितर, रानकोंबडा, साळिंदर, भेकर, जो येईल तो.

आता तितराच्या जागी उभ्या राहा. तुम्ही सकाळपासून उकरत उकरत चालला आहात. समोर आडकाठी आली. वाघ मागे लागलेला नाही, मग उडायचं कशाला? उडणं महाग, एकदा उडालं की दमायला होतं आणि आवाजाने सगळ्या रानाला कळतं. चालणं फुकट. तेव्हा तुम्ही वईच्या कडेकडेने चालत राहता, वाट शोधता, आणि वाट तर शिकाऱ्याने करूनच ठेवलेली असते. तितराला चांगलं ओळखणाऱ्या माणसानेच ही युक्ती काढली असणार.

आमच्यासोबत गस्तीवरची चार माणसं होती. ती वईच्या एका टोकापासून फासे काढत निघाली, मी मागून मोजत. ओढ्याजवळच्या शेवटच्या फटीपाशी फासा उसळून वर लोंबकळत होता, रिकामा. तारेला दोन तपकिरी पिसं चिकटलेली. फटीच्या अलीकडे पाचोळा उकरलेला होता, नखांच्या रेघा ओल्या मातीत अजून ताज्या दिसत होत्या. मी वाकून पलीकडे पाहिलं. पलीकडेही, चार हातांवर, पाचोळा उकरलेला होता. पण त्या रेघा एकाच पायाच्या होत्या.